खतावणी कोण लिहितो?

लक्ष्मीपूजनाला पेढीवर ज्या वह्या मांडतात त्यांत रोजमेळ वेगळा आणि खतावणी वेगळी. रोजमेळात दिवसभराचे व्यवहार घडले त्या क्रमाने उतरतात. खतावणीत तेच व्यवहार खात्यागणिक वेगळे काढलेले असतात. अमक्याची बाकी किती, हे सांगायला खतावणीच उघडावी लागते. बिटकॉइन हा निव्वळ रोजमेळ आहे. 3 जानेवारी 2009 रोजी त्याचे पहिले पान लिहिले गेले. तेव्हापासून साधारण दर दहा मिनिटांनी एक पान, म्हणजे ब्लॉक, त्यात वाढत आला आहे, आणि त्याची पूर्ण नक्कल जगात कोणालाही घरी ठेवता येते. त्यात माणसांची नावे नाहीत आणि कोणाची शिल्लकही कुठे मांडून ठेवलेली नाही. मोबाइलवरच्या वॉलेटमध्ये दिसणारा आकडा ही खतावणी आहे; ती त्या रोजमेळातून कोणीतरी वेचून काढलेली असते. बिटकॉइनमधल्या गोपनीयतेची चर्चा बहुतेक वेळा टॉर या निनावी जाळ्यापासून सुरू होते. माझ्या मते ती या ‘कोणीतरी’पासून सुरू व्हायला हवी. खतावणी परक्याच्या हाती असेल तर टॉर फार थोडे झाकते. ती घरी असेल तर टॉर फार कामाला येते, तेही नीट जोडले तरच.

वॉलेट उघडल्यावर काय होते ते जवळून पाहू. इलेक्ट्रम हे 2011 पासूनचे नावाजलेले वॉलेट घ्या. ते तुमच्या बीजशब्दांतून पत्त्यांची मालिका तयार करते: पैसे घेण्यासाठी न वापरलेले 20 पत्ते पुढे आणि व्यवहारातले सुटे परत घेण्यासाठी 6. मग यांतल्या प्रत्येक पत्त्याचा सांकेतिक ठसा ते एका सर्व्हरला पाठवते आणि विचारते, यावर काही जमा आहे का? सर्व्हरकडे सगळा रोजमेळ असतो, त्यामुळे तो ठसा कोणत्या पत्त्याचा हे ताडायला त्याला क्षणही लागत नाही. रोजमेळात हे पत्ते एकमेकांपासून सुटे, अनोळखी असतात. ते एकाच माणसाचे आहेत हे या एका चौकशीत उघड होते. चौकशी कोणत्या आयपी पत्त्यावरून आली हेही दिसते. काही वॉलेटे तर याहून भाबडी. ती आपली विस्तारित सार्वजनिक किल्लीच कंपनीच्या सर्व्हरला देऊन टाकतात, म्हणजे मागचे पत्ते तर गेलेच, पुढे कधी तयार होतील तेही गेले. हे बिटकॉइनपुरतेच नाही. इथेरियमवाल्यांचे लाडके मेटामास्क चालवणाऱ्या कन्सेन्सिस कंपनीने नोव्हेंबर 2022 मध्ये आपले गोपनीयता धोरण सुधारले, तेव्हा त्यात स्पष्ट लिहिले होते की तिची इन्फ्युरा ही मूळ जोडणी वापरून व्यवहार पाठवला तर आयपी पत्ता आणि वॉलेटचा पत्ता दोन्ही गोळा होतात. स्वतःचा नोड, म्हणजे घरची नक्कल, वापरणाऱ्याला हे लागू नव्हते. आयपीवरून माणसापर्यंत पोहोचायलाही फार चालावे लागत नाही. भारतात इंटरनेट पुरवठादारांना जोडण्यांच्या नोंदी दोन वर्षे ठेवाव्या लागतात.

आता हीच चौकशी टॉरमधून केली तर? आयपी झाकला जातो, हे खरे. पण पत्त्यांचा गठ्ठा सर्व्हरच्या टेबलावर पडतोच. त्यातला एक पत्ता जरी तुमच्या ओळखपत्राशी बांधलेला असला, म्हणजे केवायसी केलेल्या एक्स्चेंजवरून त्यावर नाणी आली असली, तरी बाकीचे सगळे त्याच्यामागे ओढले जातात. सावकाराकडे घोंगडी पांघरून जायचे आणि स्वतःची वही त्याच्याच हाती द्यायची, असा हा प्रकार. चौकशी धूसर करून विचारायचाही एक प्रयत्न झाला. 2012 मध्ये ब्लूम फिल्टर आले. हव्या त्या पत्त्यांत थोडे नको ते मिसळायचे, म्हणजे विचारणाऱ्याचा नेम कळणार नाही. दोन वर्षांत संशोधकांनी दाखवून दिले की नेम चांगलाच कळतो, आणि 2019 मध्ये बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरने ही सेवा आपणहून देणे बंद केले.

राहतो एकच उपाय: विचारायचेच नाही. स्वतःचा नोड म्हणजे रोजमेळाची आपली नक्कल. जे काय शोधायचे ते घरच्या डिस्कवर शोधायचे. संपूर्ण नक्कल आता 600 जीबीच्या पुढे गेली आहे, म्हणून लोक रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक आणि एक टीबीची किंवा मोठी एसएसडी घेतात. जागा नसेल तर नोड प्रत्येक पान तपासून जुनी पाने टाकून देऊ शकतो. मग ब्लॉकसाठी 550 एमबीसुद्धा पुरतात, मात्र जुन्या पत्त्यांचा इतिहास नव्याने शोधायचा झाल्यास पुन्हा सगळे उतरवावे लागते. अशा नोडला येणारा प्रत्येक ब्लॉक तो सरसकट घेतो. त्यातला कोणता व्यवहार मालकाचा, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नसतो. गोपनीयतेचे मोठे काम इथेच उरकते, टॉरचे नाव निघण्याआधी.

तरी दोन फटी उरतात. नोड अस्तित्वात आहे हे दिसते, आणि मालकाचा व्यवहार त्या नोडमधून पहिल्यांदा बाहेर पडतो तो क्षण दिसू शकतो. दुसरी फट गंभीर. व्यवहार या कानाचा त्या कानाला सांगत पसरतो. पुरेशा नोडना जोडून जो बसला आहे त्याला तो सर्वांत आधी कोणाकडून ऐकू आला यावरून उगम ताडता येतो. लक्झेंबर्ग विद्यापीठातल्या बिर्युकोव, खोव्रातोविच आणि पुस्तोगारोव यांनी 2014 मध्ये हे करून दाखवले. हे प्रयोगशाळेपुरते राहिले नाही. मार्च 2023 मध्ये उजेडात आले की 812 आयपी पत्त्यांवरून कोणीतरी बिटकॉइनच्या नोडना सतत जोडून घेतो, कोणते व्यवहार येतात तेवढे ऐकतो आणि जोडणी तोडतो. त्याला ‘लिंकिंग लायन’ असे नाव पडले. त्याच्या खुणा 2018 पर्यंत मागे जात होत्या.

टॉरची जागा इथे आहे. कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत 1990च्या दशकात रुजली, 2002 पासून जाळे प्रत्यक्ष चालू आहे, आणि 2006 पासून ना-नफा तत्त्वावरची टॉर प्रोजेक्ट ही संस्था ते सांभाळते. निरोप तीन थांब्यांतून जातो आणि प्रत्येक थांब्याला फक्त मागचा आणि पुढचा माहीत असतो. बिटकॉइनशी त्याची सोयरीक जुनी आहे: डिसेंबर 2009 मध्ये आलेल्या 0.2 आवृत्तीतच टॉरसाठी प्रॉक्सीची सोय होती, म्हणजे बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतो अजून सक्रिय असतानाची ही गोष्ट. 2016 पासून बिटकॉइन कोअर शेजारी टॉर चालू असल्याचे दिसले की स्वतःचा ओनियन पत्ता, म्हणजे टॉरच्या आतला पत्ता, आपोआप काढू शकते. मधे एक गमतीची अडचण आली. जुने ओनियन पत्ते 16 अक्षरांचे होते आणि नोड एकमेकांना पत्ते कळवताना आयपीसाठी ठेवलेल्या रकान्यातच ते कोंबत. टॉरने नवे, अधिक भक्कम, 56 अक्षरांचे पत्ते आणले, ते त्या रकान्यात मावेनात. पत्ते कळवण्याची पद्धतच बदलावी लागली. जानेवारी 2021च्या 0.21 आवृत्तीत ते झाले आणि त्याच वर्षी टॉरने जुने पत्ते मोडीत काढले. आज बाहेरून जोडता येणाऱ्या बिटकॉइन नोडपैकी निम्म्याच्या आसपास टॉरवर असतात. याचे कारण सगळेच गोपनीयतेचे भोक्ते आहेत असे नव्हे. आपल्याकडे बऱ्याच घरगुती जोडण्यांत एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरच्याला घरातल्या यंत्रापर्यंत पोहोचताच येत नाही. ओनियन सेवेत दोन्ही बाजू आतून बाहेर येऊन जाळ्यात मधेच भेटतात, त्यामुळे राउटरला हातही लावावा लागत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप पुन्हा बिर्युकोव आणि पुस्तोगारोव यांचाच. टॉरवरून बिटकॉइन वापरणे शहाणपणाचे नाही, हे त्यांनी 2015च्या निबंधाच्या शीर्षकातच सांगितले. युक्ती साधी होती. टॉरमधून बाहेर पडण्याचे थांबे मोजके. त्यांतून मुद्दाम बिघडलेले संदेश पाठवायचे, म्हणजे प्रामाणिक नोड त्या थांब्यांवरच बंदी घालतील. मग टॉरवाल्याला जोडून घ्यायला उरतील ते हल्लेखोराचेच नोड. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता आणि कोणी उडवलाही नाही. 2020 मध्ये बिटकॉइन कोअरने सरसकट बंदी काढून तिथे ‘नाउमेद करणे’ आणले: जागा असेल तर अशा पत्त्यालाही आत घ्यायचे, गर्दी झाली की त्याला आधी काढायचे. ओनियन ते ओनियन बोलणाऱ्यांना तर बाहेर पडण्याचा थांबा लागतच नाही. पण आक्षेपाचा गाभा शिल्लक आहे. आयपी पत्त्याला पैसे पडतात, ओनियन पत्ते हजारांनी फुकट तयार होतात. फक्त ओनियनवर राहणाऱ्या नोडला खोट्या शेजाऱ्यांनी वेढणे त्यामुळे स्वस्त पडते. असा वेढा खोटे पान खपवू शकत नाही, कारण त्यामागचे खाणकाम, म्हणजे पान लिहिण्यासाठी लागणारी संगणकांची मेहनत, खोटे आणता येत नाही. पण खरी पाने अडवून ठेवू शकतो.

म्हणून ‘ओन्लीनेट’ या सेटिंगने नोडला केवळ टॉरपुरते कोंडून घालण्याचा जो सल्ला हौसेने दिला जातो, तो मला पटत नाही. सगळ्या बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी प्रॉक्सी म्हणून 127.0.0.1, पोर्ट 9050, म्हणजे आपल्याच यंत्रावरचे टॉर द्यावे आणि कोंडून घालू नये. मग नोड ओनियनवरच्यांशीही बोलतो आणि उघड्या इंटरनेटवरच्यांशीही, मात्र त्यांना घरचा आयपी दिसत नाही. प्रत्येक शेजाऱ्यासाठी टॉरमधली वेगळी वाट घेण्याची सोय बिटकॉइन कोअरमध्ये मुळातच चालू असते. याउलट ओनियन पत्ता काढला आणि प्रॉक्सी द्यायची राहिली, की आपला व्यवहार घरच्या आयपीवरूनच उघड्या शेजाऱ्यांना सांगितला जातो. घोटाळा होतो तो इथेच, आणि पडद्यावर ओनियन पत्ता झळकत असल्याने मालक मात्र निश्चिंत. पहिली संपूर्ण नक्कल उतरवताना टॉर नसले तरी बिघडत नाही. त्यातून इथे नोड आहे यापलीकडे काही कळत नाही. स्वयंसेवकांच्या खर्चावर चालणाऱ्या जाळ्यातून शेकडो जीबी ओढणे हे तसेही संकोच वाटावा असे काम आहे.

दुसरा आक्षेप नैतिक: हे सारे गुन्हेगारांच्या सोयीचे नाही का? टॉर रोजमेळातली एकही ओळ पुसत नाही. 2016 मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजवरून सुमारे 1,20,000 बिटकॉइन चोरीला गेले. फेब्रुवारी 2022 मध्ये अमेरिकी तपासयंत्रणांनी त्यांतले 94,000च्या वर परत मिळवले, ते नाण्यांचा माग रोजमेळात आणि एक्स्चेंजांच्या खात्यांत काढून. करही टळत नाही. भारतात 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के आणि त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून हस्तांतरावर 1 टक्का टीडीएस आहे, मार्च 2023 पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आहेत. नोड कुठून चालतो याचा यातल्या कशाशीही संबंध नाही. गोपनीयता लागते ती वेगळ्याच लोकांपासून. किल्ल्या जपण्याचे यंत्र विकणाऱ्या लेजर कंपनीच्या सुमारे 2,70,000 ग्राहकांची नावे, घरचे पत्ते आणि फोन नंबर डिसेंबर 2020 मध्ये इंटरनेटवर उघडे पडले. त्या यादीशेजारी प्रत्येकाची शिल्लक ठेवली, तर ती यादी दरोडेखोराच्या कामाची होते. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले, तेव्हा समोर आधारचा प्रश्न होता. पण बचतीचा आकडा अनोळखी माणसापासून झाकून ठेवणे त्या हक्कात बसत नाही, असे म्हणायला मला तरी आधार सापडत नाही.

ज्याची नाणी एक्स्चेंजवरच पडून आहेत त्याला मात्र नोडचा काही उपयोग नाही, टॉरचाही नाही. त्याच्या किल्ल्याही तिकडेच आणि खतावणीही तिकडेच. किल्ल्या ज्यांनी स्वतःकडे घेतल्या आहेत त्यांनी वॉलेटची सेटिंग उघडावी. तिथे ‘सर्व्हर’ अशी एक ओळ असते. तिच्यापुढे कोणाचा पत्ता आहे, तेवढे बघून घ्या.