लोहाची भाकरी



उसाची पाने पिवळी पडली की आपण लगेच विचारतो, लोह कमी पडले का? आणि फेरस सल्फेट टाकतो. घरातल्या बायामाणसांचे काय? सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. धाप लागते, चक्कर येते. घरचे म्हणतात, कामाचा शीण आहे!

यावर शक्तिवर्धक बाटल्या खपतात. त्यापेक्षा बाजरीकडे बघा. 'धनशक्ती' हे जास्त लोहाचे वाण सन २०१२ मध्ये महाराष्ट्रात आले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात शाळेच्या वसतिगृहांतील १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना सहा महिने अशा बाजरीची भाकरी देऊन पाहिली. ज्यांना लोहाची उणीव होती, त्यांची ती साध्या बाजरीपेक्षा लवकर भरून निघाली. हा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. वाण संकरित नाही, म्हणून बी घरचे राखता येते. खोडवा मोडलेल्या रानात खरिपाला चार गुंठे तरी पेरा की!

भाकरीवर लगेच चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळा, आवळा खा. गुळात लोह आहे म्हणून मधुमेहवाल्याने तो खावा, हे मात्र खोटे. गूळ म्हणजे साखरच, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

गरोदर बाईच्या लोहाच्या गोळ्या भाकरीच्या भरवशावर बंद करू नका. आधी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.