किरणोपचार: जुनी आखणी, नवी आखणी

“नव्या पद्धतीसाठी शेत विकावे लागेल. दोन महिने थांबलो तर चालेल का?” गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या आजींच्या मुलाने मला विचारले. हातातील कागदावर थ्री-डी सीआरटी आणि आयएमआरटी अशी दोन नावे होती व खर्चात मोठी तफावत होती.

दोन्हींत किरण तेच, यंत्रही पुष्कळदा तेच. भिन्न असते ती आखणी. जुन्या पद्धतीत साधारणतः चार दिशांनी झोत सोडतात. त्यांच्या चौकोनी टापूत आतडी, मूत्राशय आणि गुदाशय यांचाही बराच भाग सापडतो. नव्या पद्धतीत अनेक दिशांच्या झोतांची तीव्रता जागोजागी कमीअधिक करून आतड्यांना शक्य तितके वाचवतात.

लाभ खरा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचा 300 स्त्रियांवरील अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. आतड्यांचा उशिरा उद्भवणारा मध्यम वा तीव्र त्रास तीन वर्षांत जुन्या पद्धतीने सुमारे 42 टक्के, तर नव्या पद्धतीने 21 टक्के स्त्रियांना झाला. रोग उलटण्याचे प्रमाण मात्र दोन्हींत सारखेच राहिले. या स्त्रियांची शस्त्रक्रिया आधी झालेली होती, हेही ध्यानात घ्यावे.

गर्भाशय जागेवर असताना एक अडचण वाढते. मूत्राशय भरले की गर्भाशय सरकते, आणि नेमक्या आखलेल्या झोताबाहेर जाऊ शकते. म्हणून आखणीच्या दिवशी किती पाणी, किती वेळ आधी प्यायले, ते वहीत लिहून रोज तसेच करावे. वयस्कर स्त्रिया प्रवासात गैरसोय नको म्हणून पाणीच टाळतात. लघवी धरवत नसेल तर संकोच न करता तंत्रज्ञांना सांगावे.

त्या कागदाच्या तळाशी ‘ब्रॅकीथेरपी’ हा शब्द होता. मुलाने तो वाचलाच नव्हता. गर्भाशयात नळी ठेवून आतून दिला जाणारा हा किरणोपचार गाठीला मोठी मात्रा देतो. बाहेरची कोणतीही आखणी त्याची जागा घेत नाही. बाहेरचे सुमारे पाच आठवडे आणि हा भाग मिळून सारे आठ आठवड्यांत संपावे लागते. लांबले तर रोगावरील ताबा घटतो.

“थांबू नका,” मी म्हटले. “जी पद्धत आज मिळते, तिने सुरुवात करा. आतला उपचार त्याच रुग्णालयात होतो का, नसल्यास कोठे आणि कोणत्या तारखेला, हे मात्र आधी लिहून घ्या.”

त्याने कागद उलटून मागे हे दोन प्रश्न लिहिले.