पोलादाच्या राज्यातला तांदूळ
(लेखांक सहावा)

रायपूरच्या पुरानी बस्तीला लागून लाखेनगर आहे. हे नाव वामनराव लाखे यांचे. माधवराव सप्र्यांनी १९०० साली काढलेल्या ‘छत्तीसगढ मित्र’ मासिकाचे ते प्रकाशक होते, आणि १९१३ साली रायपुरात सहकारी बँक उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने. नियतकालिक आणि पतसंस्था ही दोन्ही कामे त्या पिढीच्या लेखी राष्ट्राचीच होती. स्वातंत्र्यानंतर मोठेपणा टनांत मोजला जाऊ लागला. सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार झाला, १९५९ मध्ये शेजारच्या भिलाईची झोतभट्टी पेटली. कोळसा, लोहखनिज, पोलाद, सगळेच इथे निघाले. तरीही कुटुंबाच्या खर्चावरून दारिद्र्य ठरवणाऱ्या तेंडुलकर पद्धतीच्या २०११-१२ च्या मोजणीत छत्तीसगढ सर्वांत गरीब राज्य ठरले. देशात दारिद्र्यरेषेखाली २१.९ टक्के लोक होते, इथे ३९.९.

आधी वाढ, मग वाटप, असे म्हणणारे विचारतात की आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? पण इथला आड भरलेलाच होता; नव्हता तो दोर. तो २००४ मध्ये वळायला घेतला. रेशन दुकाने खासगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, बचतगट आणि सहकारी संस्थांकडे दिली गेली, धान्य सरकारी खर्चाने थेट दुकानापर्यंत पोचू लागले, दुकानाचे कमिशन वाढले. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांच्या अंदाजानुसार २००४-०५ मध्ये रेशनचे निम्मे धान्य वाटेत गळत होते, २००९-१० पर्यंत ही गळती दहाव्या हिश्श्यावर आली. या पाच वर्षांत कोणती नवी खाण सापडली म्हणून हे घडले नाही. कारभार सुधारला म्हणून घडले. राज्याने अन्नसुरक्षा कायदाही डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे केंद्राच्या आधी केला.

मग रेशन इतके सुधारूनही २०११-१२ मध्ये राज्य तळाला का? याचे अर्धे उत्तर मोजणीतच आहे. त्या पाहणीत रेशनचा तांदूळ बाजारभावाने नव्हे, तर कुटुंबाने मोजलेल्या एक-दोन रुपये किलो दराने खर्चात धरला जात असे. सरकार जितके स्वस्त देई, तितके घर कागदावर गरीबच राही. (आकडेवारीचा हा विनोद सहसा कुणी सांगत नाही.) उरलेले अर्धे उत्तर मात्र सरळ आहे: तांदळाने मजुरी वाढत नाही.

फुकट धान्याने माणसे आळशी होतात, हा आक्षेप शहरी बैठकांत फार ऐकू येतो. महिन्याच्या पस्तीस किलो तांदळावर तेल, औषध, वह्या येत नाहीत. त्यासाठी राबावेच लागते. फार तर अर्ध्या मजुरीला नाही म्हणण्याची ताकद येते, आणि ‘मजूर मिळत नाहीत’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा तेवढेच असते. जगातल्या पहिल्या पाच अर्थव्यवस्थांत बसलेला देश ८० कोटी लोकांना फुकट धान्य देतो, यात मला विसंगती दिसत नाही. धान्य पोचवून काम संपले असे मानण्यात ती आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत छत्तीसगढमधल्या ४७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. पाचव्या फेरीत हे प्रमाण ६०.८ टक्क्यांवर गेले. ताटात भात होता. डाळ, भाजी, अंडे पुरेसे नव्हते, आणि ते विकत घेण्याइतकी मजुरीही नव्हती. ती का वाढली नाही, हे पुढच्या लेखात पाहू.