गोळी मेलाटोनिनची, काम ग्रंथीचं

सांगलीत माझं औषधांचं दुकान आहे. मेलाटोनिन मागायला आलेली माणसं पैसे देता देता विचारतात, "ताई, बाहेरून घेतलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देईल का हो?"

शंका रास्त आहे. प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांना मीच बजावते, की महिनोन्महिने चाललेली ही गोळी एकदम तोडू नका. रक्तात स्टिरॉइड भरपूर दिसलं की मेंदू अ‍ॅड्रिनल ग्रंथीला थांबवतो आणि ती पूर्ववत व्हायला फार वेळ घेते.

मेलाटोनिन बनवणारी पिनियल ग्रंथी मात्र वेगळ्या हुकमावर चालते. रक्तात मेलाटोनिन किती आहे यापेक्षा डोळ्यांवर उजेड आहे की अंधार, यावर तिचं काम ठरतं. अंधार पडला की निर्मिती वाढते, मध्यरात्रीनंतर शिगेला पोचते, पहाटे ओसरते. काही दिवस वा आठवडे गोळी घेतलेल्यांच्या चाचण्यांत ही निर्मिती दबलेली आढळली नाही. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांबद्दलचा पुरावा तोकडा आहे, म्हणून "कायम घ्या" असं मी कुणालाही सांगत नाही. निर्मिती खरोखर दाबतो तो रात्रीचा प्रखर उजेड. हे माणसांत १९८० साली अमेरिकेत आल्फ्रेड लेवी यांनी दाखवून दिलं.

गोळीमुळे बदलतं ते वेळापत्रक. संध्याकाळी घेतली तर शरीराची रात्र अलीकडे येते, सकाळी घेतली तर पुढे ढकलली जाते. मात्राही बघा. रात्रीच्या नैसर्गिक पातळीच्या आसपास जायला सुमारे ०.३ मिलिग्रॅम पुरतं. आपल्याकडे सर्रास ३, ५, १० मिलिग्रॅम खपतं. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत २५ प्रकारच्या गमींपैकी २२ प्रकारांचं प्रमाण लेबलशी जुळलं नव्हतं.

आता ज्याची चौकशी कुणीच करत नाही ते सांगते. रक्तदाबासाठी दिली जाणारी अटेनोलोल, मेटोप्रोलोल ही बीटा-ब्लॉकर औषधं पिनियलला रात्री मिळणारा मज्जातंतूंचा निरोप अडवतात, त्यामुळे तिची निर्मिती घटते. बोस्टनमध्ये अशी औषधं घेणाऱ्या १६ जणांपैकी काहींना तीन आठवडे रोज २.५ मिलिग्रॅम मेलाटोनिन दिलं, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. २०१२ साली निष्कर्ष आले: मेलाटोनिनवाल्यांची झोप सुधारली आणि गोळी थांबवल्यावरही पूर्वीपेक्षा बिघडली नाही. अभ्यास छोटा आहे, तरी मला तो मोलाचा वाटतो.

बीटा-ब्लॉकर सुरू झाल्यापासून तुमची झोप उडाली असेल, तर ती गोळी मनाने बंद करू नका आणि मेलाटोनिनही परस्पर सुरू करू नका. चालू औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हे स्पष्ट विचारा.