पस्तीस अंशांचं यंत्र आणि डोंबिवलीचा मे महिना

२०२२च्या जुलैत जपान आणि युरोप उन्हाने होरपळत असताना, हातात धरून खेळायचे गेम कन्सोल बनवणाऱ्या दोन कंपन्यांनी ग्राहकांना जवळपास एकच सूचना दिली. निन्टेन्डोने सांगितलं, स्विच ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानातच वापरा. व्हॉल्व्हने स्टीम डेकसाठी शून्य ते ३५ अंश ही कक्षा सांगितली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत एप्रिल-मेच्या दुपारी पारा अडतीस-चाळीसपर्यंत चढतो. वरच्या मजल्यावरच्या, एसी नसलेल्या खोलीत खेळ सुरू व्हायच्या आधीच ही मर्यादा ओलांडलेली असते.

व्हॉल्व्हने तेव्हा आणखी दोन आकडे दिले होते. डेकची चिप १०० अंशांना पोचली की स्वतःचा वेग कमी करते आणि १०५ला यंत्र बंद पडतं. आता हिशेब करून पाहा. खोलीतली हवा २५ अंश असेल, तर चिप आणि हवेत ७५ अंशांचं अंतर राहतं; ३८ असेल, तर ६२च. उष्णता या फरकाच्या प्रमाणात बाहेर पडते. म्हणजे पंखा तोच, वेग तोच, पण उष्णता सुमारे एक षष्ठांशाने कमी निघते. हे झालं पंखा ठणठणीत असताना.

चिपपासून हवेपर्यंत उष्णता पोचते ती अशी. चिपवर थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. धातूचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला, तरी त्यावर सूक्ष्म खाचखळगे असतात आणि त्यांत अडकलेली हवा उष्णता जवळजवळ वाहूनच नेत नाही. पेस्ट ती जागा भरते. पुढे तांब्याची चपटी नळी, हीट पाइप. तिच्यात अगदी कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं. दाब कमी म्हणून ते शंभराच्या बरंच खाली उकळतं. वाफ नळीच्या थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. हे चक्र विजेशिवाय अखंड चालतं. फक्त थंड टोक थंड राहायला हवं. तिथे तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची जाळी असते आणि तिच्यातून हवा ढकलतो तो पंखा.

छताचा पंखा मंदावला की इलेक्ट्रिशियन कंडेन्सर बदलून देतो. कन्सोलच्या पंख्यात तो प्रकार नसतो. इथली मोटर ब्रशविना चालते आणि एक तार फेऱ्यांची संख्या मुख्य बोर्डाला कळवत राहते. झिजतं ते बेअरिंग. त्यातलं वंगण उष्णतेने सुकतं, दांडा किंचित डगमगू लागतो आणि आधी बारीक शीळ, मग घरघर ऐकू येते. जोडीला धूळ आहेच. घोडबंदर रोडवर मेट्रो ४चं आणि ठाणे-भिवंडी-कल्याण पट्ट्यात मेट्रो ५चं काम वर्षानुवर्षं चाललं, शिवाय जागोजागी इमारतींचा पुनर्विकास. ही धूळ अंथरुणातल्या आणि बॅगेतल्या तंतूंशी मिळते, पावसाळ्यात ओल धरते आणि जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. गोधडीवर कन्सोल ठेवून खेळणाऱ्यांनी मागची झरोक्यांची बाजू एकदा उजेडात धरून पाहावीच.

“गेम अडकतोय, चिप गेली वाटतं,” असं म्हणत अनेक जण कन्सोल दुरुस्तीला आणतात. बहुतेकदा चिप शाबूत असते. ती फक्त स्वतःला वाचवत असते. आत उष्णता कोंडली तर काय होतं, याचा दाखला असुसच्या आरओजी अ‍ॅलायने दिला. जुलै २०२३मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आलेल्या या कन्सोलमध्ये उष्णतेच्या ताणाने मेमरी कार्डाचा रीडर बिघडू शकतो, हे कंपनीनेच मान्य केलं आणि सॉफ्टवेअर बदलून पंख्यांचा किमान वेग वाढवला.

पंखा बदलणं घाईचं काम नाही, पण अवघडही नाही. स्टीम डेक उघडण्याआधी मेमरी कार्ड काढायचं, नाहीतर मागचं झाकण निघताना ते मोडतं. ही चूक फार लोक करतात. मग आठ स्क्रू. लांब आणि आखूड वेगळे ठेवावेत. झाकण निघालं की सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबून जाणकाराकडे द्यावं. हवेच्या फवाऱ्याने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने किंवा लाकडी काडीने धरून ठेवायचं. पंखा मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरतो, बेअरिंगची वाट लागते आणि फिरती मोटर स्वतःच वीज तयार करून बोर्डाकडे उलटी पाठवू शकते. बेअरिंगमध्ये शिवणयंत्राचं तेल सोडण्याचा मोह टाळावा. घरघर थोडे दिवस थांबते आणि तेलाला आणखी धूळ चिकटते. हीट पाइपचा सांगाडा उचलला, तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावीच लागते.

डेक व्हॉल्व्हने भारतात अधिकृतपणे आणलेला नाही, त्यामुळे इथल्या ग्राहकाला हमीची दुरुस्ती मिळत नाही. मात्र आयफिक्सिट या संकेतस्थळावर त्याचा पंखा सुटा विकत मिळतो आणि पायरीपायरीने दुरुस्तीची माहितीही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही; सुटे भाग आणि दुरुस्तीची पुस्तिका प्रत्येक कन्सोलसाठी उघडपणे मिळायला हवी. एका पंख्यापायी सत्तर हजारांचं यंत्र भंगारात जाणं कुणालाच परवडणारं नाही.

झाकण लावल्यावर एखादा जड गेम अर्धा तास चालवून पडद्यावर चिपचं तापमान आणि पंख्याच्या फेऱ्या पाहाव्यात. फेऱ्या वाढूनही झरोक्यातून गार हवाच येत असेल आणि चिप शंभराकडे सरकत असेल, तर दोष पंख्यात नाही. पेस्ट नीट बसलेली नाही किंवा हीट पाइपमधलं पाणी निसटलं आहे, आणि यंत्र पुन्हा उघडावं लागणार.