विंडोज नवं टाकलं, तरी लॅपटॉप संथच

आमच्या होटगीच्या गटांचा सगळा हिशेब एका जुन्या लॅपटॉपवर आहे. तो सुरू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. मार्चअखेर तोंडावर, बँकेला कर्जाची यादी द्यायची होती. दुरुस्तीवाला म्हणाला, विंडोज नवं टाकू. गटाच्या पैशातून टाकलं. तरी लॅपटॉप तसाच!

विंडोज नवं टाकलं की एक-दोन दिवस आतल्या आत अपडेट उतरत असतात, तेव्हा तो संथ चालतो. आम्ही तेवढं थांबलो. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली. टास्क मॅनेजर उघडला. आम्ही काहीच करत नव्हतो, तरी डिस्कपुढे १०० टक्के! मेमरी निम्मी मोकळी होती. म्हणजे दुखणं हार्ड डिस्कचं.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, बहुतेक लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० वेळा. ती खराब होऊ लागली की एकच मजकूर पुन्हापुन्हा वाचत बसते. जात्याला टाकी लावायची झाली असेल, तर धान्य बदलून पीठ बारीक येईल का?

आधी सगळा हिशेब पेनड्राइव्हवर घेतला, कारण अशी डिस्क कधीही बंद पडते. मग २५६ जीबीची एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारं काही नसतं. पंख्यातली धूळही काढून घेतली, कारण तापला तरी लॅपटॉप मंदावतो. आता मिनिटाच्या आत सुरू होतो.

जुनी डिस्क मात्र भंगारात दिली नाही. तिच्यात आपल्या बायकांचे आधार आणि खात्याचे नंबर आहेत, म्हणून ती गटाच्या पेटीत कुलपात ठेवली आहे.