हवामान बदलाचा कायदा शोधायचा कुठे?

पॅरिस कराराला भारताने २०१६ मध्ये मान्यता दिली. सही दिल्लीची, तेव्हा पुढचं सगळं दिल्लीनेच निस्तरायचं, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. तिच्या पोटात आणखी बरेच गैरसमज दडलेले आहेत.

गैरसमज : आपल्याकडे हवामान बदलाचा कायदाच नाही.

त्या नावाचा नाही, हे खरं. माळढोक पक्ष्याच्या खटल्यात मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ शी जोडला आणि या विषयावर एकछत्री कायदा नसल्याचंही त्याच निकालात नोंदवलं. पण कामं दुसऱ्या नावांनी चालूच असतात. वीज वितरण कंपनीने किती अक्षय ऊर्जा घ्यायची, हे २००३ च्या वीज कायद्यानुसार राज्याचा वीज नियामक आयोग ठरवत आला. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा बदलला आणि मोठ्या वापरकर्त्यांसाठी बिगरजीवाश्म ऊर्जेचा किमान वाटा ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे गेला. आता एकाच विषयावर दोघांचे हात आहेत.

गैरसमज : पर्यावरण हा केंद्राचा विषय.

घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या तिन्ही सूच्यांत पर्यावरण हा स्वतंत्र विषय म्हणून सापडत नाही. पाणी, शेती, जमीन, सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे, वीज समवर्ती. वनंही आधी राज्यांकडेच होती, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ती समवर्ती सूचीत आली. मग १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा संसदेने केला कशाच्या बळावर? कलम २५३ च्या. आंतरराष्ट्रीय करार किंवा परिषदेतले निर्णय अमलात आणायचे असतील, तर राज्यांच्या विषयावरही संसद कायदा करू शकते. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा आधार तेव्हा घेतला गेला. उद्या हवामान बदलाचा कायदा करायचा म्हटलं, तर वाट हीच आहे.

गैरसमज : अधिकार केंद्राकडे, म्हणजे केंद्राचा शब्द अखेरचा.

पश्चिम घाटाकडे बघा. घाट जपण्यासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर करण्याचा अधिकार १९८६ च्या कायद्याने केंद्राला निःसंशय आहे. तरी २०१४ पासून अधिसूचनेच्या मसुद्यांमागून मसुदे निघत राहिले. ३१ जुलै २०२४ चा सहावा. त्यात सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र होतं, पैकी महाराष्ट्राचं १७,३४० आणि गोव्याचं १,४६१. खाणी, बांधकामं आणि मतदार राज्यांच्या हद्दीत असतात. राज्यांनी हरकती घेतल्या की दिल्लीची लेखणी अडते. माझ्या मते इथे खोट कायद्यात नाही, राज्यांना आणि गावांना आधी विश्वासात न घेण्यात आहे.

गैरसमज : महापालिकेचं काम झाडं लावण्यापुरतं.

मुंबईने मार्च २०२२ मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा काढला. देशाचं शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट २०७० चं, मुंबईचं २०५० चं! पण शहराच्या उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा ऊर्जेचा, आणि वीज कुठून घ्यायची हे काही सर्वस्वी महापालिकेच्या हातात नाही. आराखडा म्हणजे कायदा नव्हे.

महापालिकेच्या हाताशी जे आहे ते मात्र कमी नाही. डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीला गच्चीवर सौर पॅनल बसवायचे आहेत असं धरा. अनुदान केंद्राच्या सूर्यघर योजनेचं, नेट मीटरिंगचे नियम राज्य आयोगाचे, मीटर महावितरणचा आणि ठराव सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा. हीच गच्ची पुण्यात असती, तर मिळकतकरात सवलत देणारी महापालिकाही या रांगेत आली असती. यातली एक कडी निखळली की पॅनल गोदामातच.

गैरसमज : उष्माघाताने माणूस दगावला की सरकारी मदत आपोआप मिळते.

राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत २०२४ पर्यंत उष्णतेची लाट बसवलेली नव्हती. राज्याला मात्र आपत्ती प्रतिसाद निधीच्या दहा टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक आपत्तींवर खर्च करता येते, आणि त्या कोणत्या हे राज्यच ठरवतं. तमिळनाडूने ऑक्टोबर २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्याची आपत्ती ठरवून मृतांच्या वारसांना चार लाख रुपये देण्याची सोय केली. त्यासाठी संसदेत काही मंजूर करून घ्यावं लागलं नाही.